सोसायटीचा तलाव कोणाच्या नजरेखाली?

पेणच्या खारेपाटात पोहायला शिकण्यासाठी कधी कोणी फी भरली नाही. घराला लागून तळे, तळ्यात जिताडा मासा, आणि मे महिन्यात त्याच तळ्यात काका-मामा पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना पाण्यात ढकलत. डोलवी, गडब, कासू या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांतली मुले अंबा नदीच्या आणि धरमतर खाडीच्या भरती-ओहोटीवर वाढली. काठावर लक्ष ठेवायला कोणाला नेमलेले नसे. तरी कोणी जाळे सांधत असे, कोणी भांडी घासत असे, आणि पोर चुकून खोल गेले की चार जण एकदम ओरडत. तेव्हाही मुले बुडत. तो काळ सुरक्षित होता असे मला म्हणायचे नाही. पण त्या पाण्याभोवती माणसे असत आणि त्यांतल्या बहुतेकांना पोहता येई.

याच पट्ट्यात नव्वदच्या दशकात इस्पातचा पोलाद कारखाना उभा राहिला. २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे गेला आणि आज त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टनांच्या घरात आहे. पुढे नागोठण्याला पेट्रोकेमिकल, रोह्याला धाटाव एमआयडीसी. ओडिशा, झारखंड, बिहार, कर्नाटक, विदर्भ, कुठून कुठून आलेली कुटुंबे कंपनीच्या वसाहतींत आणि वडखळ-पेणच्या भाड्याच्या फ्लॅटांत राहतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांची नवनगरासाठी अधिसूचना निघाली, आणि पेणच्या आसपासच्या बांधकामांच्या जाहिराती पुणे-ठाण्याच्या जाहिरातींसारख्या दिसू लागल्या. मधोमध निळा चौकोन आणि त्याच्या काठावर आरामखुर्च्या. तलाव ही आता फ्लॅटसोबत येणारी गोष्ट झाली. तो सांभाळण्याची रीत मात्र सोबत आलेली नाही.

या प्रश्नाचा आढावा घेताना एक गोष्ट सुरुवातीलाच मांडतो. आपल्या सोसायट्यांच्या तलावावरचे बहुतेक नियम पोहणाऱ्याला उद्देशून लिहिलेले असतात. आधी अंघोळ करा, टोपी घाला, नायलॉनचा पोशाख हवा, धावू नका, खाऊ नका, स्वतःच्या जबाबदारीवर पोहा. लहान मूल मात्र बऱ्याचदा पोहायला आलेलेच नसते. चेंडूमागे जाते, उघड्या फाटकातून आत येते, पाण्यात पडलेले पान उचलायला वाकते. अमेरिकेत घरगुती तलावांमधल्या बालमृत्यूंची तपासणी झाली तेव्हा हेच पुन्हा पुन्हा समोर आले: पाच वर्षांखालची बहुतेक मुले त्या वेळी पाण्याजवळ असतील अशी घरच्यांना कल्पनाही नव्हती. त्या मुलाला फलक वाचता येत नाही. त्याच्यासाठीचा नियम तलावाला लागू करावा लागतो. तलावाचे कुंपण, त्याची कडी, तळाची जाळी, वायरिंग आणि काठावरचा माणूस यांना तो लागू करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी बुडून झालेल्या मृत्यूंचे जे आकडे देतो ते अलीकडे पस्तीस हजारांच्या वर असतात. यातले बहुसंख्य मृत्यू नद्या, विहिरी, खदानी, बंधारे आणि अलीकडे प्लास्टिक अंथरलेली शेततळी यांत होतात. सोसायटीच्या तलावाचा वाटा त्यात लहान आहे, हे मान्यच. पण विहीर गावाला पाण्यासाठी लागते, शेततळे पिकासाठी लागते. तलाव आपण हौसेने बांधतो, त्याचे पैसे देतो, त्याची देखभाल ठरवतो. तिथे झालेला प्रत्येक मृत्यू टाळण्याची साधने आपल्या हातात होती, म्हणून तो अधिक बोचतो.

कुंपणापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त जीव तेच वाचवते. ऑस्ट्रेलियाने यावर अनेक दशके काम केले. न्यू साउथ वेल्सचा तलावविषयक कायदा १९९२ चा आहे. तिथल्या मानकाप्रमाणे कुंपण किमान १.२ मीटर उंच हवे, खालची फट आणि दोन गजांमधले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारे आणि आपोआप मिटून कडी लागणारे हवे, आणि कुंपणालगत मुलाला पाय देऊन चढता येईल असे काही नको. कुंडी, बाक, एसीचे युनिट, सगळे लांब. यातला महत्त्वाचा मुद्दा असा की कुंपण तलावाच्या चारही बाजूंनी हवे. संकुलाला भिंत आहे, गेटवर वॉचमन आहे, एवढ्याने मूल थांबत नाही, कारण मूल भिंतीच्या आतच राहते. चारही बाजूंनी स्वतंत्र कुंपण असलेले तलाव नुसत्या आवाराच्या कुंपणापेक्षा बरेच सुरक्षित ठरतात, हे अनेक अभ्यास एकत्र तपासूनही दिसले आहे.

फ्रान्सने ३ जानेवारी २००३ ला कायदा केला. जमिनीत बांधलेल्या खासगी तलावाला, मग तो एका घराचा असो की अनेक घरांच्या सामायिक वापराचा, चारांपैकी एक उपाय सक्तीचा झाला: कुंपण, वरचे आच्छादन, बंदिस्त छत किंवा पाण्यात काही पडले की वाजणारा भोंगा. नव्या तलावांना २००४ पासून, जुन्यांना २००६ पर्यंत मुदत. न पाळल्यास दंड ४५ हजार युरोंपर्यंत. सामायिक तलावाला कायद्याने स्पष्ट नावानिशी कवेत घेतले, ही त्यातली आपल्या कामाची गोष्ट.

आपल्याकडे कुंपण असते, पण ते शोभेचे असते. नव्या संकुलांत काचेचे पॅनेल लावतात, दिसायला सुरेख. आणि फाटकाजवळ एक पॅनेल मोकळे सोडतात, कारण क्लबहाउसमधून ये-जा सोपी व्हावी. जिथे लोखंडी फाटक आहे तिथली कडी जवळून पाहावी. खारेपाटाच्या हवेत मीठ आहे. स्प्रिंगचे बिजागर दुसऱ्या पावसाळ्यात गंजते, फाटक आपोआप मिटेनासे होते, मग कोणीतरी ते करकरते म्हणून नायलॉनच्या दोरीने उघडेच बांधून ठेवतो. ती दोरी महिनोन्महिने तशीच असते. फाटकावर सीसीटीव्ही असतो, पण सीसीटीव्ही नंतर दाखवतो. एका बिजागराची किंमत काही शे रुपये. डोलवी परिसरातल्या कमिट्यांनी स्टेनलेस स्टीलचे बिजागर आणि मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवरची कडी एवढे जरी या वर्षी बसवले, तरी बाकीच्या सगळ्या नियमावलीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असे माझे मत आहे.

कुंपणानंतर माणूस. इथे एक न्यायनिर्णय प्रत्येक सेक्रेटरीने वाचावा. केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या कोवळममधल्या हॉटेलात २००६ साली एक पाहुणा तलावात बुडाला. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेले, आयोगाने ६२ लाख ५० हजार रुपयांची भरपाई दिली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. हॉटेलने जीवरक्षक नेमलेला होता. पण त्याच माणसाकडे बारमध्ये पेये देण्याचे कामही होते. जीवरक्षकावर दुसरे काम सोपवणे म्हणजेच काळजी घेण्याच्या कर्तव्यात कसूर, असे न्यायालयाने मानले.

आता आपल्या तलावाकडे पाहा. तिथला ‘लाइफगार्ड’ सकाळी जाळीने पाने काढतो, व्हॅक्यूम मारतो, बॅकवॉश करतो, पाहुण्यांची कुपने फाडतो, चेंजिंग रूमची चावी देतो, क्लबहाउसच्या टेबल टेनिसची बॅट मोजून घेतो, आणि कोणाचे पार्सल आले तर तेही ठेवून घेतो. त्याला कामचुकार म्हणणे अन्यायाचे आहे. आपण त्याला सात कामे दिली आणि आठवे, पाण्याकडे पाहण्याचे, त्यातूनच उरलेल्या वेळात करायला सांगितले. हॉटेल आणि गृहनिर्माण संस्था यांचे कायदेशीर नाते वेगळे आहे, हे खरे. पण ‘आम्ही माणूस ठेवला होता’ एवढे उत्तर पुरत नाही हे त्या निकालाने सांगितले.

डोलवीच्या लोकांना हे समजावण्याची गरजच पडू नये. कारखान्यात एखादा कामगार टाकीत, नळीत किंवा कुठल्याही बंदिस्त जागेत उतरतो तेव्हा तोंडाशी दुसरा माणूस उभा राहतो. त्या माणसाला दुसरे काही काम नसते. आत गेलेल्यांची नावे त्याच्याकडे लिहिलेली असतात, तो जागा सोडत नाही, आत काही बिघडले तर स्वतः उडी न घेता मदत बोलावतो. दुरुस्तीला मशीन काढले की ज्याने काढले त्याचे कुलूप त्यावर लागते आणि चावी त्याच्याच खिशात जाते. ‘नियर मिस’ लिहून द्यायची सवय आहे. अपघात झाला नाही पण होता होता राहिला, तर तोही नोंदवायचा. ही शिस्त या पट्ट्यातल्या हजारो घरांत कोणाच्या ना कोणाच्या अंगात भिनलेली आहे. पाळी संपवून तोच माणूस घरी येतो आणि त्याची मुले ज्या पाण्यात उतरतात तिथे यातले एकही पथ्य नसते. मुलगा खोल बाजूला गेला, कोणीतरी ओढून काढला, सगळे हसले आणि विषय संपला. कारखान्यात त्यावर कागद झाला असता. तलावाच्या काठावर एक साधी वही ठेवून असे प्रसंग लिहायला लागावे. कुठे, किती वाजता, पाण्यात किती जण होते, काठावर कोण होते. वर्षभरात त्या वहीतून जे कळेल ते बाहेरचा कुठलाही सल्लागार सांगू शकणार नाही.

पाण्याकडे पाहणे हे कौशल्याचे काम आहे, हेही नीट समजून घ्यायला हवे. बुडणारा माणूस हात हलवत ‘वाचवा’ म्हणून ओरडतो, ही सिनेमाची देणगी. श्वास घेता येत नसताना ओरडता येत नाही. मूल उभेच्या उभे असते, तोंड पाण्याच्या पातळीशी वर-खाली होते, मान मागे गेलेली, पाय फारसे हलत नाहीत, हात पाण्यावर दाबल्यासारखे. अमेरिकन जीवरक्षक फ्रान्सेस्को पिया यांनी या अवस्थेचे वर्णन केले आणि ती २० ते ६० सेकंद टिकते असे सांगितले. मग ते खाली जाते. शेजारी पोहणाऱ्यालाही कळत नाही. काठावर बसलेली आई फोनमध्ये एक संदेश लिहून वर पाहते तेवढा हा वेळ. म्हणून जीवरक्षक प्रशिक्षित हवा. राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीसारख्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्था तलावासाठीचे प्रशिक्षण देतात. ठेकेदाराने पाठवलेल्या माणसाला पोहता येते एवढी खात्री पुरेशी नाही. प्रमाणपत्र बघावे, त्याची मुदत बघावी, आणि एकदा त्याला खोल बाजूच्या तळाशी टाकलेली वीट काढून आणायला सांगावे.

आणि त्यानंतरची चार मिनिटे. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची हानी सुरू होते. डोलवीहून पेणचे उपजिल्हा रुग्णालय गाठायचे तर मुंबई-गोवा महामार्ग आणि वडखळचा टापू ओलांडावा लागतो. अलिबागच्या सुट्टीवाल्यांच्या गाड्यांनी तो रस्ता शनिवारी कसा होतो ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. १०८ ला फोन पहिल्या मिनिटाला करायचाच. पण जीव वाचला तर तो काठावरच्या माणसांच्या हातांनी वाचतो.

इथे आपल्याकडची एक घट्ट समजूत आड येते. बुडालेल्याला बाहेर काढले की त्याला उलटे धरायचे, खांद्यावर टाकून पळायचे, पोट दाबून पाणी काढायचे. मनापासून, प्रेमाने, घाबरून लोक हे करतात, आणि तेवढ्यात ती चार मिनिटे जातात. पोट दाबल्याने पोटातले अन्न-पाणी घशात येऊन फुफ्फुसात जाते आणि स्थिती बिघडते. करायचे ते असे: पाठीवर सपाट झोपवायचे, श्वास आहे का पाहायचा, नसेल तर हनुवटी वर करून तोंडाने श्वास द्यायचा आणि मग छातीवर दाब, तीस दाबांमागे दोन श्वास. हृदयविकाराच्या झटक्यात नुसता छातीवरचा दाबही चालतो असे हल्ली शिकवले जाते. बुडालेल्याच्या बाबतीत श्वास देणे अत्यावश्यक आहे, कारण त्याचे हृदय थांबण्याचे मूळ कारण प्राणवायूचा अभाव हे असते. संकुलातल्या प्रत्येक मजल्यावरच्या एका तरी माणसाला हे हाताने करून आलेले असावे. कारखान्याच्या आरोग्य केंद्रातल्या कोणाला रविवारी बोलावले तर दोन तासांत होणारे हे काम आहे.

वाचवायला उडी घेणाऱ्याचेही बोलले पाहिजे. दरवर्षी महाराष्ट्रात भावाला वाचवायला गेलेला भाऊ, मुलाला वाचवायला गेलेली आई अशा दुहेरी मृत्यूंच्या बातम्या येतात. पोहता न येणाऱ्याने पाण्यात उतरू नये. काहीतरी लांब पुढे करावे, काहीतरी तरंगणारे फेकावे. त्यासाठी काठावर दोर बांधलेली रिंग आणि एक लांब बांबू कायम हवा. रायगडात बांबूला तोटा नाही. रिंग मात्र बहुतेक ठिकाणी कुलूपबंद कपाटात असते, कारण मुले खेळायला नेतात.

तलावाचे जे धोके दिसतच नाहीत त्यांत दोन फार गंभीर आहेत. पहिला तळाच्या ड्रेनचा. पंप तिथून पाणी ओढतो. एकच ड्रेन असेल, त्याची जाळी तुटलेली किंवा सपाट असेल, तर त्यावर बसलेले मूल ओढीने चिकटते, मुलीचे केस गुंततात. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टबात अशी अडकली. तिला उत्तम पोहता येत होते. आईने ओढूनही ती सुटली नाही. दोन माणसांनी जोर लावला तेव्हा जाळीच तुटली, पण उशीर झाला होता. तिच्या नावाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि सार्वजनिक तलावांना अडकू न देणाऱ्या जाळ्या सक्तीच्या झाल्या. उपाय साधा आहे: एकमेकांपासून अंतरावर दोन ड्रेन, वर घुमटासारखी उंचावलेली जाळी, आणि पंप बंद करण्याचे बटन पंप रूमच्या कुलपाआड न ठेवता काठावर, लाल रंगात. बिल्डरकडून ताबा घेताना फरशीचा रंग आणि शॉवरच्या नळांवर तासभर वाद घालणारी कमिटी तळाला किती ड्रेन आहेत हे विचारत नाही. ‘रेरा’ कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला तर बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. ही पाच वर्षे वाया घालवू नयेत.

दुसरा धोका विजेचा. बेंगळुरूच्या वर्तूर भागातल्या एका मोठ्या संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये एक लहान मुलगी तलावाच्या पाण्यात मेली. सुरुवातीला ती बुडाली असे वाटले. तपासात विजेचा धक्का हे कारण निघाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रहिवाशांच्या संघटनेच्या अध्यक्षासह सात जणांना अटक झाली. अध्यक्ष म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच कोणी, नोकरी सांभाळून सोसायटीचे काम पाहणारा. पाण्यातले दिवे १२ व्होल्टवर, विलग ट्रान्सफॉर्मरवर हवेत. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवा आणि त्याचे टेस्ट बटन दर महिन्याला दाबून पाहायला हवे. शिड्या, कठडे, जाळ्या हा सगळा धातू एकत्र जोडून अर्थिंग केलेला हवा. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत अर्थिंगची पट्टी लवकर खंगते, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर मोजमाप करून घ्यावे. डोलवीत इलेक्ट्रिकल विभागातली माणसे प्रत्येक इमारतीत भेटतील.

पाण्याच्या रसायनाबद्दल थोडक्यात. तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस ३३२८ आहे. रोजच्या व्यवहारात मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान राखला की पाणी ठीक राहते. दिवसातून दोनदा तपासणी आणि आकडे फळ्यावर लिहिलेले असावेत. खोल बाजूची ड्रेनची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर तलाव त्या क्षणी बंद करावा, कारण गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल दिसत नाही. रसायनांचा साठा हा वेगळा धोका आहे. हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू निघतो. पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीतल्या महापालिकेच्या तलावावर ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्या सुमारे वीस जणांना रुग्णालयात हलवावे लागले.

आता पावसाळा. रायगडात हे चार महिने तलाव बंद ठेवतात, आणि बंद तलाव हाच सर्वांत धोक्याचा असे माझे ठाम मत झाले आहे. फिल्टर थांबतो, पाणी आठवड्याभरात हिरवे होते, तळ दिसेनासा होतो, जीवरक्षकाला सुट्टी दिलेली असते. लोक विचारतात, मग रिकामा का करत नाही? खारेपाटात ते सोपे नाही. इथे भूजल पावसाळ्यात जमिनीच्या अगदी जवळ येते. आतले पाणी काढले तर खालून वर दाब देणारे पाणी तलावाचे आख्खे भांडे उचलते, तळ फुगतो, भेगा पडतात. जमिनीतला तलाव असेल तर तो भरलेलाच ठेवावा लागतो. म्हणून जून ते सप्टेंबरच्या काळात फाटकाला कुलूप, पाण्यावर ताणून बसवलेली मजबूत जाळी, फिल्टर रोज काही तास चालू, आणि डासांसाठी क्लोरीनची पातळी कायम, एवढे तरी हवेच. साधे ताडपत्रीचे आच्छादन टाकू नये. त्यावर पावसाचे पाणी साचते, मूल त्यावर पाय देते आणि ताडपत्रीसकट आत जाते. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावर बांधलेल्या तलावाला भूजलाचा प्रश्न नाही. तो निर्धास्तपणे रिकामा करावा, मात्र चार फूट खोल कोरड्या खड्ड्याभोवतीही कुंपण लागतेच.

याच्याही आधीचा एक काळ कोणाच्या हिशेबात नसतो. बांधकाम चालू असताना तलावाचा खड्डा किंवा गळती तपासायला भरलेला तलाव उघडा असतो, आणि बाजूलाच पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची मुले राहतात. ती मुले फ्लॅटधारकांची नाहीत म्हणून त्यांच्यासाठी फलकही नाही. ताबा मिळण्याआधी साइट बघायला जाणाऱ्यांनी हे पाहावे आणि तिथेच बोलावे.

फलकांचाही प्रश्न आहे. डोलवीच्या वसाहतींत मराठी, हिंदी, ओडिया, कन्नड बोलणारी घरे शेजारी-शेजारी आहेत आणि फलक इंग्रजीत असतो. खोली मीटरमध्ये लिहितात, लोकांना फूट कळतात. साडेचार फूट पाण्यात सूर मारला तर मान मोडते, हे चित्राने सांगावे.

बायकांचा मुद्दा तर सुरक्षेच्या चर्चेत येतच नाही. काठावर मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या बहुतेक आया आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जणींना पोहता येत नाही. पोशाखाचा नियम, पुरुषांची गर्दी, संकोच, यामुळे त्या पाण्यात उतरतच नाहीत. अंगभर पोहण्याचा नायलॉनचा पोशाख सहज मिळतो आणि तो नियमात बसवता येतो. आठवड्यातून तीन दिवस फक्त बायकांची वेळ आणि बाई प्रशिक्षक ठेवली, तर एका उन्हाळ्यात काठावरची पहारेकरी बदलेल. खारेपाटातल्या जुन्या कोळणींना पोहता येत होते. त्यांच्या नातींना सोसायटीत राहायला आल्यावर ते येईनासे व्हावे याचे मला फार वाईट वाटते.

कायदा काय म्हणतो? राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० ची आहे. तलाव कुठे बांधता येईल हे त्यातून ठरते, रोज कसा चालवावा हे त्यातून ठरत नाही. सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि आदर्श उपविधी संस्थेला नियम करण्याचे अधिकार देतात, पण नियम काय असावेत ते संस्थेवर सोडतात. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते आणि निष्काळजीपणाला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या संहितेत ती दोन वर्षे होती. म्हणजे कायदा आपल्याकडे बहुतेक वेळा मृत्यूनंतर येतो. चेन्नईत २०१२ साली एका शाळेच्या तलावात विद्यार्थी बुडाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये त्या शहरासाठी तलावांच्या परवान्याचे नियम झाले. महाराष्ट्राने कोणाच्या मुलाची वाट न पाहता फ्रान्ससारखा दोन पानांचा कायदा करावा: सामायिक तलावाला चारही बाजूंचे कुंपण, दोन ड्रेन, वर्षातून एकदा विजेची तपासणी, आणि उघड्या वेळेत दुसरे काम नसलेला प्रशिक्षित माणूस. भोगवटा प्रमाणपत्र देताना हे तपासणे अवघड नाही.

तोवर निर्णय वार्षिक सभेत होतात, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत. मेंटेनन्स वाढला की पहिली काटछाट जीवरक्षकाच्या दुसऱ्या पाळीवर येते, हे नेहमीचे. पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आसपास खोल तलावात लाखभर लिटर पाणी असते. ते पाणी दिवसातून दोन तास पोहण्यासाठी आणि बावीस तास धोक्यासाठी तिथे असते. दोन पाळ्यांचा पगार परवडत नसेल तर वेळ एकाच पाळीएवढी करावी आणि बाकी वेळ कुलूप लावावे. तेही जमत नसेल, आणि वीस-पंचवीस फ्लॅटच्या इमारतीत ते खरेच जमत नाही, तर तलाव बुजवण्याचा ठराव आणण्यात कमीपणा नाही. सुविधा नकाशात दाखवलेली असल्याने सभासदांची संमती आणि नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. काम कोरड्या दिवसांत, भूजल खाली गेल्यावर काढावे. मुरूम टाकण्याआधी तळाच्या काँक्रीटला ठिकठिकाणी भोके पाडून घ्यावीत, नाहीतर पावसाचे पाणी आतच कोंडते आणि वरची बाग दुसऱ्याच वर्षी खचते.